हात काढ, मग पाय दे

जुन्या गाण्यांचा विषय निघाला की आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सगळ्या बायका एकदम हळव्या होतात. डबा उघडता उघडता कुणीतरी मोबाइलवर कॉलेजच्या दिवसांतलं गाणं लावतं, दुसरी मान डोलावते, तिसरी सुस्कारा सोडून म्हणते, "काय दिवस होते गं ते!" मग माझी पाळी येते. तुझं आवडतं कुठलं? मी भाजीत लक्ष घालते. माझ्या गाण्यात पाऊस नाही, प्रेम नाही, कुणी कुणाची वाट बघत नाही. माझं गाणं पॉवर प्रेसच्या दणक्याने सुरू होतं आणि त्यात माणसाची बोटं जातात. जेवताना हे ऐकून कुणाचा घास गोड होणार?

पण आवडतं ते मला. तेव्हा आवडायचं, आज त्याहून जास्त आवडतं. नव्या फोनमध्ये मी आधी ते गाणं टाकते, मग सिमकार्ड.

रॅप होतं ते. मराठीतलं, आणि तेही आमच्या तळवड्यातलं, जिथे घराघरातलं कुणीतरी कारखान्याच्या शेडमध्ये कामाला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका पोराने केलेलं. मी तेव्हा अकरावीत होते. रॅप म्हणजे गळ्यात साखळ्या घालून हातवारे करत इंग्रजीत भांडणारी टीव्हीवरची माणसं, एवढंच आम्हाला ठाऊक. हा पोरगा मराठीत भांडला. त्याने प्रेसच्या एका शेडच्या खिडकीशी उभं राहून मोबाइलवर मशीनचा आवाज पकडला, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तो आवाज पुन्हा पुन्हा जोडून ठेका तयार केला आणि त्यावर आपल्या घोगऱ्या गळ्याने तीन कडवी म्हटली. ब्लूटूथवरून या फोनमधून त्या फोनमध्ये जात जात ते गाणं पार चिखलीपर्यंत पोचलं. मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराकडे ते 'तळवडे मशीन' या नावाने मिळायचं. त्याचं ध्रुवपद असं होतं:

हात काढ, मग पाय दे,
हात काढ, मग पाय दे,
दहा बोटं घेऊन आलो,
दहा घेऊन जाऊ दे.

ज्यांच्या घरातलं कुणी प्रेसवर नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याचा तुकडा मशीनच्या जबड्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि मग पायाने पेडल दाबायचं. वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो आणि सपाट पत्र्याचा कुणाच्या तरी गाडीचा ब्रॅकेट होतो. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला एवढंच शिकवतात. सुपरवायझर पाठीमागे उभा राहून ओरडत असतो, हात काढ, मग पाय दे. हात काढ, मग पाय दे. आठवड्याभरात ते अंगात भिनतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जेवतानासुद्धा घास घेतला की ताटावरून हात चटकन मागे घ्यायचे. आई म्हणायची, "ताट काय दाबायलंय का तुमाला?"

अण्णा बीडकडून आलेले. तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसवर होते. मी नववीत असताना त्यांच्या मशीनने डबल मारलं. म्हणजे पाय एकदा दिला, ठोकळा एकदा खाली आला, वर गेला, आणि कुणी पेडलला हातपाय लावलेला नसताना पुन्हा खाली आला. आतला एक भाग झिजला की मशीन असं करतं. अण्णा तयार झालेला नग उचलत होते. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

त्या मशीनला पुढून जाळीचा गार्ड होता. तो जागेवर असला की हात आत जाऊच शकत नाही, मशीन डबल मारो नाहीतर चौबल. पण गार्ड असला की पत्रा फटीतून सरकवावा लागतो, वेळ जातो, नग कमी निघतात. ऑर्डर मोठी होती. म्हणून गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. अण्णांनी काढला नव्हता. वरून सांगणं आलं होतं, आणि मुकादमाने पाना घेऊन तो काढला होता. हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि तरी सगळ्यांनी अण्णांना एकच विचारलं. लक्ष कुठे होतं तुझं? मालकाने विचारलं. दवाखान्यात पट्टी बदलणाऱ्या बाईने विचारलं. गावाकडून भेटायला आलेल्या चुलत्यांनी चहाचा घोट घेऊन, मान हलवून विचारलं, "लक्ष कुठं होतं रे?" जसं काही अण्णा मशीनवर बसून आकाशातले ढग मोजत होते! मी दाराशी उभी राहून ऐकायची आणि माझं डोकं तापायचं. वाटायचं, अण्णांनी एकदा तरी म्हणावं की माझं लक्ष होतं. ते म्हणायचे नाहीत. खाली बघायचे. इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारल्यावर त्यांना स्वतःलाच वाटू लागलं असावं की खरंच, कुठे होतं आपलं लक्ष?

जखम भरत आली तसं शेडवाल्याने सांगितलं, आता इथे तुझं काम नाही. अण्णा एका गोदामावर सिक्युरिटी गार्ड म्हणून लागले. आई म्हणाली, "मशीनचा गार्ड काढला आन् माझ्या माणसाचा गार्ड केला." आई असं बोलून मोकळी होते. अण्णा हसलेसुद्धा नाहीत. त्यांचा उजवा हात हळूहळू पँटच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. लग्नात आहेर द्यायचा तर डाव्या हाताने. बसमध्ये दांडा धरायचा तर डाव्या हाताने. माझ्या लग्नाच्या फोटोंत सगळे अक्षता टाकताहेत आणि अण्णा खिशात हात घालून उभे आहेत. फोटो बघून सासरचा एक पाहुणा म्हणाला होता, तुझे वडील जरा तोऱ्यात असतात नाही? मी म्हटलं, हो, फार.

गाणं आलं तेव्हा अपघाताला दोन वर्षं होऊन गेली होती. घरात मी ते पहिल्यांदा लावलं तो प्रसंग आठवला की अजून हसू येतं. मी खाली बसून पोळ्या लाटत होते. फोन पिठाच्या डब्यावर. अण्णा ड्युटीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. ठेका सुरू झाला. धाड. धाड. धाड-धाड. अण्णा झोपेतून ताडकन उठले, "हात काढ! मशीन डबल मारायलंय!" म्हणून ओरडले आणि माझं मनगट धरून त्यांनी मला पोळपाटापासून मागे खेचलं. लाटणं उडून भिंतीवर आपटलं. पोळी माझ्या मांडीवर. डब्यावरचा फोन आपला धाड-धाड करत होता.

त्या पोराने खिडकीतून आवाज पकडलेलं मशीन खरोखर डबल मारत होतं. त्याला तो मधेच येणारा जादा ठोका ठेक्यासाठी आवडला होता. त्याला काय माहीत.

मग अण्णांना कळलं की आपण घरात आहोत. "ह्ये कसलं गाणं लावायलीस?" ते म्हणाले. "बंद कर. परत घरात लावायचं न्हाई." मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी इअरफोन आणला. घरात लावायचं नाही म्हणाले होते, कानात लावायचं नाही असं कुठे म्हणाले होते?

शेजारच्या काकूंना त्याचाही त्रास. पोरीच्या जातीने असली दणदण गाणी ऐकायची का? भावगीत ऐकावं, भजन ऐकावं. मी म्हटलं, काकू, तुमच्या घरचे तिघे जिथे कामाला जातात तिथे कुठलं भावगीत वाजतं? त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला चाललं.

खरं सांगायचं तर मी ते गाणं ठेक्यासाठी ऐकत नव्हते. तिसऱ्या कडव्यासाठी ऐकत होते. पहिल्या कडव्यात पोरगा आपल्या गावाबद्दल सांगतो, दुसऱ्यात शिफ्टबद्दल आणि खोलीच्या भाड्याबद्दल, आणि तिसऱ्यात त्याचा आवाज चढतो:

गार्ड होता मशीनला, गार्ड कुणी काढला?
टार्गेट ज्यानं वाढवलं, त्यानंच तो काढला.
बोटं गेली माझी, मग मला बी काढला,
वर मलाच इचारतो, लक्ष कुठं होतं?

हे कडवं एकट्या अण्णांवर नव्हतं. आमच्या गल्लीत अशी चार-पाच माणसं होती. पण मला ते अण्णांचंच वाटायचं. आमच्या घरात जे उत्तर कुणी दिलं नव्हतं ते त्या पोराने देऊन टाकलं होतं, आणि नुसतं उत्तर दिलं नव्हतं, उलट सवाल केला होता. निगडीला कॉलेजला जाताना बसमध्ये मी ते ऐकायची आणि खिडकीबाहेर जी जी शेड दिसेल तिला मनातल्या मनात विचारायची. गार्ड कुणी काढला? सांग, कुणी काढला?

बारावीच्या गॅदरिंगला मुलांनी ते गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. सगळा हॉल नाचत होता. 'हात काढ' आलं की पोरंपोरी दोन्ही हात वर करून ओरडायची. त्यांना वाटलं होतं, हात काढ म्हणजे हात वर कर, नाचायला लाग. टीव्हीवरच्या गाण्यांत तसंच असतं ना. पण हॉलमध्ये इकडेतिकडे काही जण असे होते की 'हात काढ' ऐकलं की त्यांचे हात वर न जाता चटकन छातीशी येत होते. माझेही. ते आमच्या अंगात घरातूनच आलेलं होतं, प्रेसला कधी हात न लावताही. बाजूच्या रांगेतल्या एका मुलीचे हात तसेच छातीशी आले आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. नाव विचारायची गरज वाटली नाही. तिच्या घरी कोण कुठे कामाला आहे ते मला कळलं होतं.

त्या पोराने नंतर दुसरं गाणं केलं नाही. कुणी म्हणतं तो सांगवीत केबल ओढायचं काम करतो, कुणी म्हणतं तळेगावला स्वतःचं वर्कशॉप टाकलं, तिथे प्रेसच आहेत. तसं असेल तर त्याच्या मशीनला गार्ड असेल अशी आशा करते. नसेल तर त्याचंच गाणं त्याच्या दारात जाऊन म्हणेन.

आता मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. प्रेस शॉपमधून निघालेले ब्रॅकेट माझ्या टेबलावर येतात. आमच्याकडे मशीनला गार्ड आहेत, शिवाय पुढे उजेडाचा पडदा आहे, हात त्यात गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते ऐकून काही जणांना वाटेल की मी खाल्ल्या मिठाला जागले नाही.

मार्चमध्ये सेफ्टी वीक असतो. पोस्टर, घोषवाक्यं, पथनाट्य, आणि शेवटच्या दिवशी घरच्यांना घेऊन कार्यक्रम. यंदा आमच्या सेफ्टी ऑफिसरने ठरवलं की तरुणांना आवडेल असं काहीतरी करायचं. तो स्वतः तरुण आहे, नीट भांग पाडलेला, सगळ्यांना मॅडम-सर म्हणणारा. वाईट माणूस नाही. प्रेस शॉपमध्ये माझी एक मैत्रीण आहे, चाकणजवळच्या खेड्यातली, जमीन गेल्यावर कंपनीत लागलेली. ती मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला म्हनायला लावा की. हिच्याकं एक गानं हाय, हात काढ, मग पाय दे. आमी रोज ऐकतो डब्याच्या टायमाला."

हे खोटं होतं. मी तिला एकदाच ऐकवलं होतं. पण ऑफिसरचे डोळे चमकले. "रॅप? मॅडम, एकदम परफेक्ट! यात तर सेफ्टी मेसेजच आहे." मी त्याला फोनवर गाणं ऐकवलं. पहिलं कडवं, मान डोलली. दुसरं कडवं, बोटांनी टेबलावर ठेका. तिसरं सुरू झालं आणि बोटं थांबली.

"मॅडम, हे तिसरं तेवढं नको."

"का?"

"थोडं निगेटिव्ह वाटतं. सेफ्टी वीकला पॉझिटिव्ह हवं ना. शिवाय आपल्याकडे गार्ड कोण काढतं?"

"कुणीच नाही. मग अडचण काय?"

त्याने केसांवरून हात फिरवला. म्हणाला, प्लँट हेड असणार, बाहेरचे पाहुणे असणार, लोकांचा गैरसमज होईल. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच एक कडवं लिहून घेऊन आला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, मेहनत घेतली होती बिचाऱ्याने. 'लक्ष माझे कामावर, सुरक्षा माझ्या नावावर' असं काहीतरी. तिसऱ्याच्या जागी हे म्हणा, म्हणाला.

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. लक्ष माझे कामावर! म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा फिरून बोट माझ्याच बापाकडे. ते तिसरं कडवं काढलं की गाण्यात उरतं काय? हात काढ, नाही काढलास तर चूक तुझी. ज्या गाण्याने जगात एकदाच अण्णांची बाजू घेतली होती, त्यातूनच अण्णांना कामावरून काढल्यासारखं काढून टाकायचं, आणि ते काम मी करायचं, माझ्या तोंडाने, स्टेजवरून. मला इतका राग आला की मी 'बरं' म्हणाले. माझं असंच आहे. थोडा राग आला की मी भांडते, फार आला की गोड बोलते.

मग मी माहेरी जाऊन अण्णांना कार्यक्रमाला यायचं सांगितलं.

"मी न्हाई येत बा," अण्णा म्हणाले. "तितं लोकं बघतेत."

"बघू द्या की," आई म्हणाली. "तुमी काय नवरी हाव का?"

काय म्हणणार आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आलेच नसते. एवढी वर्षं झाली, पण त्या गाण्याचं नाव आमच्या घरात निघत नाही.

कार्यक्रम पार्किंगच्या शेडमध्ये होता. पंखे, लाल गालिचा, प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढच्या रांगेत साहेब लोक, मागे आम्ही, त्याच्या मागे घरची मंडळी. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, उजवा हात खिशात, आईच्या शेजारी अवघडून बसलेले. पथनाट्य झालं. एका चिमुरडीने हेल्मेटवर कविता म्हटली. मग माझं नाव पुकारलं.

मी खूण केली आणि स्पीकरवर ठेका सुरू झाला. धाड. धाड. धाड-धाड.

त्या जादा ठोक्याला प्रेस शॉपमधली सगळी माणसं खुर्चीत ताठ झाली. मेंटेनन्सचा एक जण तर अर्धवट उठून शॉपच्या दाराकडे बघायला लागला. मशीनं बंद आहेत, शॉपला कुलूप आहे, हे त्याला माहीत होतं, तरी उठला. मग आपल्याच खुळेपणावर हसला आणि सगळी रांग हसली. मी अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं म्हणताच आलं नसतं.

पहिलं कडवं म्हटलं. ध्रुवपदाला पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी हौसेने हात वर केले, आणि मागे प्रेस शॉपवाल्यांचे हात छातीशी आले. दुसरं कडवं म्हटलं. ऑफिसर कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग मी श्वास घेतला आणि विचारलं:

"गार्ड होता मशीनला, गार्ड कुणी काढला?"

त्याच्या टाळ्या थांबल्या. त्याने स्पीकरवाल्याकडे बघून हाताने खूण केली आणि ठेका बंद झाला. माइकही गेला. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसता पंख्यांचा आवाज. मला वाटलं, संपलं. आणि मग माझ्या त्या मैत्रिणीने बसल्या जागी उजवा पाय जमिनीवर आपटला. धाड. पेडलवरचाच पाय. धाड. तिच्या शेजारच्याने आपटला. मग पूर्ण रांगेने. सेफ्टी शूज सगळ्यांच्या पायांत, आत लोखंडाची टोपी असलेले, कंपनीनेच दिलेले. धाड. धाड. धाड-धाड. जादा ठोकासुद्धा त्यांनी चुकवला नाही. मी माइक खाली ठेवला आणि ओरडून म्हटलं, जसा तो पोरगा म्हणायचा तसं, नरड्याच्या शिरा ताणून. टार्गेट ज्यानं वाढवलं त्यानंच तो काढला. बोटं गेली माझी, मग मला बी काढला. वर मलाच इचारतो, लक्ष कुठं होतं?

मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी इतकं बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

टाळ्या वाजल्या, मागून जोरात, पुढून जेमतेम. प्लँट हेड घसा खाकरून उभे राहिले आणि म्हणाले, आता आपण सर्व जण सुरक्षेची शपथ घेऊ या, पाहुण्यांनीही उभं राहावं, उजवा हात पुढे करावा. नंतर मला केबिनमध्ये बोलावलं गेलं, समज दिली गेली, पुढच्या वर्षी माझं नाव कुठल्याच कार्यक्रमात नसणार हेही कळलं. त्याचं मला काही नाही. मी अजून तिथेच काम करते आणि ब्रॅकेट वाकडा असला तर अजूनही परत पाठवते.

पण ती शपथ. शेडमधले सगळे हात पुढे आले, सरळ, तळवा खाली. मी स्टेजवरून बघत होते. अण्णा आईच्या शेजारी उभे होते. आईने आपला हात पुढे केला आणि त्यांच्याकडे मान वळवून बघितलंही नाही. अण्णांनी एकदा पुढे आलेल्या सगळ्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून हात काढला. अंगठा, मग मोकळी जागा, मग उरलेली दोन बोटं. तो हात त्यांनी सगळ्यांच्या हातांच्या रांगेत पुढे धरला, साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या पुसल्या नाहीत.

शपथ वाचून झाली. हात खाली आले, खुर्च्या सरकल्या, लोक चहाकडे वळले. अण्णांचा हात तसाच पुढे होता. ऑफिसर रांगेतून येत होता, माझ्यावरचा राग गिळून पाहुण्यांशी हसून बोलत. तो अण्णांपाशी थांबला. ते कोण आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं आणि हातही त्याने नीट बघितला नसावा. सवयीने, गमतीत म्हणाला, "काका, शपथ झाली. लक्ष कुठे आहे?"

अण्णांनी हात खाली घेतला नाही. त्याच्याकडे सरळ बघत ते म्हणाले, "लक्ष आहे, साहेब. तवाबी होतं."